शर्ली चिझम : वस्तीतून काँग्रेसपर्यंत

शर्ली चिझम यांचा जन्म १९२४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, कॅरिबियन प्रदेशातून आलेल्या कष्टकरी दांपत्यापोटी झाला. बालवाडीच्या शिक्षिका म्हणून त्यांनी सेवेस आरंभ केला. १९६८ साली अमेरिकी काँग्रेससाठी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक लढविली. पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवितात, ती ही निवडणूक. पदरी पैसा नव्हता. ध्वनिवर्धक लावलेल्या गाडीतून त्या वस्त्या पालथ्या घालीत, पोर्तो रिकोच्या मतदारांशी स्पॅनिशमध्ये बोलत. स्त्रियांनी आपापल्या घरी चहाच्या बैठका भरविल्या. माझ्या मते, त्यांचे खरे बळ तेच. त्या जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये, देशभर नाव असलेल्या जेम्स फार्मर यांनाही हरवून त्या काँग्रेसमधील पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य झाल्या.

१९७२ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकांत मात्र पायपीट पुरी पडली नाही. राज्ये अनेक, निधी तुटपुंजा. आणि दूरचित्रवाणीवरील वादचर्चेतून त्यांना वगळलेले. दाद मागितल्यावर अर्ध्या तासाची वेळ मिळाली, तीही उशिरा. मायामी बीचच्या अधिवेशनात त्यांना १५२ प्रतिनिधींची मते पडली. उमेदवारी जॉर्ज मॅकगव्हर्न यांना मिळाली. ब्रुकलिनच्या मतदारांनी मात्र १९८० पर्यंत दर वेळी त्यांनाच निवडून दिले.