रणात पडलेल्यांच्या घरासाठी

मोहिमेवर निघालेल्या शिपायाच्या मागे त्याच्या घरची चूल कशी पेटते, याचा विचार सतराव्या शतकातील फार थोड्या राज्यकर्त्यांनी केला. शिपाई पडला की त्याच्या घराची वाताहत बहुधा ठरलेलीच असे. शिवाजी महाराजांच्या चरित्रात गड आणि लढाया इतक्या दाटीने येतात की, या बाबतीत त्यांनी घातलेला पायंडा वाचकाच्या नजरेतून सहज निसटतो.

त्यांचे स्वतःचे बालपण लष्करी घरातलेच होते. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला. आदल्याच वर्षी जिजाबाईंचे वडील, विदर्भातील सिंदखेडचे लखुजी जाधवराव, आपल्या पुत्रांसह दौलताबादेस निजामशाही दरबारात मारले गेले होते. पुढे शहाजीराजे आदिलशाही चाकरीत कर्नाटकात गेले आणि पुण्याची जहागीर जिजाबाई व बालशिवाजी यांच्या हाती राहिली. थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीस कामी आले. कर्ता पुरुष दूर रणांगणावर असणे म्हणजे काय, हे या घराला कोणी शिकवावे लागले नाही.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. आपल्याकडे ही कथा बहुधा वाघनखांपाशीच थांबते. राजाराम महाराजांच्या काळात बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद मात्र पुढचेही सांगतो. लढाईत पडलेल्यांच्या मुलांचे चालवावे, असा हुकूम महाराजांनी दिला. ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. जखमींना जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिले. बखरीतले आकडे जपूनच वाचावे लागतात. पण सभासद हा महाराजांच्या काळातला माणूस होता, आणि विजयाच्या वर्णनात विधवेचे निम्मे वेतन त्याला नोंदवावेसे वाटले, हेच पुरेसे बोलके आहे.

या व्यवस्थेची गरज मोहिमेच्या रीतीतच होती. मराठी लष्कर दसऱ्याला बाहेर पडे, आठ महिने परमुलखात राही आणि पावसाळ्यापूर्वी छावणीत परते. मोगली छावणीबरोबर जनानखाना आणि बाजार चालत असे. महाराजांच्या लष्करात मात्र बाईमाणूस, बटीक वा कलावंतीण नेण्यास सक्त मनाई होती. शत्रूच्या मुलखातील बायकामुलांना धरू नये, हाही दंडक होता. साहजिकच शिपायाचे कुटुंब आठ महिने गावीच एकटे राही. जहागिरी तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्याकडे महाराजांचा कल असल्यामुळे ही कुटुंबे थेट सरकारी तिजोरीशी जोडली गेली.

या जबाबदारीची खरी कसोटी १६६५ मध्ये लागली. मिर्झाराजे जयसिंह आणि दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा घातला. एप्रिलमध्ये वज्रगड पडला, पाठोपाठ मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले. गडावर केवळ शिबंदी नव्हती. महाराजांच्या अनेक अंमलदारांची कुटुंबेही तेथे आश्रयाला होती. गड तलवारीने घेतला गेला असता तर ती बायकामुले मोगलांच्या कैदेत पडली असती. जूनमध्ये महाराज स्वतः जयसिंहाच्या छावणीत गेले आणि २३ किल्ले देऊन अवघे १२ पदरी ठेवले. तहाला इतरही कारणे होती. मुलूख उद्ध्वस्त होत होता, मोगली फौज अफाट होती. तरी गडावरील कुटुंबांची चिंता त्या कारणांत गौण नव्हती. दिलेले किल्ले परत घेता येणार होते, आणि १६७० पासून ते घेतलेही.

पैसा कोठून येई, हा प्रश्न अवघड आहे. त्याच १६७० च्या अखेरीस मराठी फौज आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा या श्रीमंत पेठेवर चालून गेली आणि अपार संपत्ती घेऊन परतली. लुटीचा हिशेब कडक असे. शिपायाजवळच्या चीजवस्तूंची निघताना यादी होई, परतल्यावर झाडा घेतला जाई आणि जादा सापडेल ते सरकारजमा होई वा वेतनात वळते केले जाई. शिपायांच्या घरांना आधार देणारी तिजोरी अशी कारंज्याच्या सावकारांच्या घरांतूनही भरली जात होती. ही बाजू झाकण्याचे कारण नाही.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. दक्षिणेची मोठी मोहीम आटोपल्यावर, ३ एप्रिल १६८० रोजी, तेथेच महाराजांचे निधन झाले. पुढे पेशवाईच्या दप्तरांत बालपरवेशी नावाची नेमणूक आढळते. चाकरीत कामी आलेल्याच्या अज्ञान मुलांच्या पोषणासाठी ती सरकारातून दिली जाई.