राजांचा हॉटेलवाला : सेझार रिट्झ

मागच्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळी साडेसातचा सुमार. कॉलेज सुटल्यावर हायवेवरच्या ज्या हॉटेलात मी वेटरचे काम करतो, तिथे आमच्याच वर्गातील चार मुले मिसळ खायला आली. मी त्यांना पाहिले आणि हातातला फडका टाकून थेट मोरीवर जाऊन बसलो. ती उठून जाईपर्यंत अर्धा तास मी तिथे कपबश्या विसळत राहिलो. ज्या कामाच्या पैशांतून माझी फी भरली जाते, ते काम करताना आपण दिसू नये म्हणून मी लपलो, ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस मला टोचत होती.

आपल्याकडे हॉटेलातल्या माणसाला नाव नसते. तो ‘पोऱ्या’ असतो, नाहीतर नुसता ‘ए’ असतो. मुलाने बी. ए. व्हावे, शिक्षक व्हावे, बँकेत चिकटावे. पण सोयरिकीच्या बैठकीत मुलगा हॉटेलात आहे असे ताठ मानेने कोण सांगतो? या न्यूनगंडातून मला ज्याने बाहेर काढले, तो माणूस वारला त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. इतिहासाच्या तासाला सरांकडून त्याचे नाव प्रथम ऐकले आणि मग ग्रंथालयात मिळेल तेवढे वाचून काढले. त्याची ही हकीकत सर्व मित्रांसाठी आणि विशेषतः त्या चौघांसाठी.

सेझार रिट्झचा जन्म २३ फेब्रुवारी १८५० रोजी स्वित्झर्लंडमधील निडरवाल्ड या डोंगरातल्या खेड्यात झाला. शेतकऱ्याचे घर आणि तेरा भावंडांत हा शेंडेफळ. वाटणीला येऊन येऊन जमीन ती किती येणार! पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याला ब्रिग गावातील एका हॉटेलात मद्य वाढण्याचे काम शिकायला ठेवले. तिथल्या मालकाने थोड्याच काळात त्याला काढून टाकले. या धंद्याला एक उपजत गुण लागतो आणि तो तुझ्यात नाही, असा निकालही त्याने देऊन टाकला. ज्याचे नाव पुढे इंग्रजी शब्दकोशात ऐटबाज आणि श्रीमंती थाटासाठी विशेषण होऊन बसले, त्याच्याविषयी दिलेला हा निकाल! आपल्यापैकी ज्यांना कोणी ना कोणी असा निकाल ऐकवला असेल, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१८६७ साली पॅरिसला मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. कामाच्या शोधात निघालेल्या हजारो पोरांबरोबर सतरा वर्षांचा सेझारही तिथे जाऊन पोहोचला. बूट पुसणे, सामान वाहणे, फरशी झाडणे, टेबले पुसणे, जे पुढे येईल ते त्याने केले. एका ठिकाणी घाईघाईत फार बश्या फोडल्या म्हणून त्याला घालवून दिल्याचे सांगतात. (हे वाचले आणि मला तो फार जवळचा वाटू लागला.) अखेर व्हॉयझँ नावाच्या नामांकित खानावळीत तो लागला. तिथे येणारी माणसे म्हणजे सरदार, लेखक, बँकवाले, नट्या. सेझार वाढता वाढता पाहत असे. कोणाला कोणते मद्य आवडते, कोणाला खिडकीजवळची जागा हवी असते, कोणाला गप्पा चालतात आणि कोणाला मुळीच चालत नाहीत, हे त्याने डोक्यात साठवायला सुरुवात केली. आपण ज्याला निव्वळ हमाली समजतो, त्यातून तो माणसे वाचायला शिकत होता.

१८७३ साली व्हिएन्नाचे प्रदर्शन झाले, तेथेही तो वेटर होता. पुढच्या काळात रिगी-कुल्म या डोंगरमाथ्यावरच्या हॉटेलात तो काम करीत असताना एक प्रसंग घडला. थंडी मी म्हणत होती आणि हॉटेलची उष्णतेची यंत्रणाच बंद पडली. त्यातच चाळीसएक अमेरिकन पाहुणे जेवायला येत असल्याचा निरोप आला. दुसऱ्या कोणी हात टेकले असते. सेझारने मोठे भोजनगृह सोडून लाल पडद्यांच्या लहान दिवाणखान्यात पाने मांडली, म्हणजे डोळ्यांनाच आधी ऊब वाटावी. झाडे ठेवण्याची तांब्याची मोठी घंगाळी होती, त्यांत स्पिरिट ओतून ती पेटवली. विटा तापवून फ्लॅनेलमध्ये गुंडाळल्या आणि प्रत्येकाच्या पायाखाली एकेक दिली. जेवणाची सुरुवात कढत सूपने आणि शेवट ज्योत पेटवून आणलेल्या गोड धिरड्यांनी केला. पाहुणे समाधानाने परतले. मला विचाराल तर हॉटेल व्यवसायाचे सारे शास्त्र या एका जेवणात आहे. यंत्र बंद पडले ही यजमानाची अडचण असते. पाहुण्याला तिची झळ लागता कामा नये.

ही हकीकत ल्युसर्नच्या ग्रँड हॉटेल नॅशनलच्या चालकांच्या कानी गेली आणि १८७७ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, सेझार तिथला व्यवस्थापक झाला. उन्हाळ्यात ल्युसर्न आणि हिवाळ्यात भूमध्य समुद्राचा किनारा, असे त्याचे वर्ष हंगामाप्रमाणे चाले. माँटे कार्लोला असताना त्याचा आचारी शेजारच्या हॉटेलने पळवला. त्या जागी १८८४ साली त्याने ऑग्युस्त एस्कॉफिए या बल्लवाचार्याला आणले आणि पुढे जन्मभराची जोडी जमली. एस्कॉफिएने स्वयंपाकघराची शिस्त बदलून टाकली. पूर्वी एकेका पदार्थासाठी खोळंबा होई. त्याने रश्श्यांना एक, भाजण्याला एक, गोडाला एक अशी तुकड्यांची विभागणी केली. आज जगभरच्या मोठ्या हॉटेलांची भटारखाने याच पद्धतीवर चालतात.

लंडनमध्ये नाटकधंद्यातून पैसा मिळवलेल्या डॉयली कार्ट याने १८८९ साली सॅव्हॉय हॉटेल उघडले. विजेचे दिवे, लिफ्ट, भरपूर स्नानगृहे असा सगळा थाट असूनही धंदा बसेना, तेव्हा त्याने रिट्झ आणि एस्कॉफिए यांना बोलावून घेतले. त्या काळी इंग्लंडमधल्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया चारचौघांत बाहेर जेवत नसत. रिट्झने भोजनगृहाला असे वळण लावले, संध्याकाळचा पोशाख सक्तीचा केला, वाद्यवृंद आणला, की तिथे जेवायला जाणे हीच प्रतिष्ठा ठरली. एका सामाजिक रूढीला त्याने टेबलखुर्च्यांच्या मांडणीतून धक्का दिला.

आणि इथेच या चरित्रातील काळे पान येते. ते गाळून मला पुढे जाता येणार नाही. मार्च १८९८ मध्ये सॅव्हॉयच्या संचालकांनी रिट्झ आणि एस्कॉफिए यांना एकाएकी कामावरून दूर केले. ३,४०० पौंडांहून अधिक किमतीच्या मद्याचा हिशेब लागत नव्हता आणि माल पुरवणाऱ्यांकडून दलाली घेतली जात होती, असे आरोप होते. प्रकरण १९०० साली गुपचूप मिटले. दोघांनी कबुलीपत्रांवर सह्या केल्या, काही रक्कमही परत केली. ती कागदपत्रे कित्येक दशके जगापासून झाकलेली राहिली.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. कारण मला आमच्या हॉटेलातला बक्षिशीचा डबा आठवला. गिऱ्हाईक जे काही ठेवून जाईल ते त्या डब्यात पडते आणि शनिवारी सर्वांत सारखे वाटले जाते. मोरीवरच्या मावशींनाही त्यात वाटा असतो. एके रात्री पन्नासची एक नोट मी डब्यात न टाकता खिशात घातली होती. कोणी पाहिले नव्हते. रिट्झला नावे ठेवण्याचा अधिकार मला कुठे होता? दुसऱ्या दिवशी ती नोट डब्यात टाकली आणि आमचे सर्वांत जुने वेटर अण्णा यांना सगळे सांगून टाकले. ते काही बोलले नाहीत. पण त्या शनिवारी डबा उघडून वाटणी करायचे काम त्यांनी माझ्याकडे दिले.

रिट्झ मात्र कोसळला नाही. त्याच वर्षी, १ जून १८९८ रोजी, पॅरिसच्या प्लास व्हाँदोम चौकात त्याच्या स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले. खोलीला लागून स्नानगृह, खोल्यांत वीज आणि टेलिफोन या तेव्हाच्या नवलाच्या गोष्टी होत्या. धूळ धरणारे जड पडदे आणि भिंतींचे कागद त्याने टाळले. भिंती रंगवल्या, पलंग पितळेचे केले, कारण ते पुसता येतात. दिव्यांच्या झडपांचा रंग ठरवताना त्याने पत्नी मारी हिला तासन्‌तास टेबलाशी बसवले आणि कोणत्या रंगात चेहरा उजळ दिसतो ते पाहून जर्दाळूसारखा गुलबट रंग निवडला. दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये कार्लटन हॉटेल उभे राहिले.

१९०२ च्या जूनमध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक होता. कार्लटनमध्ये कित्येक आठवडे तयारी चालली होती. समारंभाला दोन दिवस उरले असता, २४ जूनला, राजावर शस्त्रक्रिया करावी लागत असल्याने समारंभ पुढे ढकलल्याची बातमी आली. रिट्झने ती पाहुण्यांना शांतपणे सांगितली, पुढची व्यवस्था लावली आणि त्याच दिवशी तो कोसळला. त्यानंतर तो पूर्ण बरा असा कधी झालाच नाही. १९०६ साली लंडनचे रिट्झ हॉटेल उघडले, तेव्हा त्याचे मन कशातही लागत नव्हते. शेवटची वर्षे विस्मरणात आणि औदासीन्यात गेली. ऑक्टोबर १९१८ मध्ये ल्युसर्नजवळ क्युसनाख्त येथे त्याने देह ठेवला. साऱ्या जगाच्या विश्रांतीची काळजी वाहणाऱ्याने स्वतःला विश्रांती दिली नव्हती, हाही धडाच आहे.

आता थोडे आपल्याविषयी. रिट्झच्या हयातीतच, डिसेंबर १९०३ मध्ये, जमशेटजी टाटांनी मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडले. १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने मुंबईत या विषयाचे शिक्षण देणारी संस्था निघाली; ती आज दादरला आहे. अशा सरकारी संस्थांसाठी बारावीनंतर देशभर एक प्रवेशपरीक्षा होते, आणि पदवीनंतर शिकता येतील असे अभ्यासक्रमही आहेत. पाहुण्यांचे स्वागत, खोल्यांची निगा, भटारखाना आणि वाढप हे चार मुख्य विभाग. पण दारे तेवढीच नाहीत. रुग्णालये, विमाने, जहाजे, रेल्वे, पर्यटन, सगळीकडे हीच विद्या लागते. आम्हा कलाशाखेच्या मुलांजवळ भाषा असते, इतिहास असतो, मानसशास्त्र असते. दारात आलेल्या माणसाशी बोलायला याहून चांगले भांडवल कोणते? मात्र पहिली काही वर्षे उभे राहून पाय दुखतात, सणावारी सुट्टी नसते आणि पगार बेताचा असतो, हे मी अनुभवाने सांगतो. झगमगाट पाहून कोणी येऊ नये. समोरचा माणूस तृप्त होऊन उठला याचा ज्याला आनंद होतो, त्याने जरूर यावे.

पदवी मिळाल्यावर मी याच क्षेत्रात शिकायचे ठरवले आहे. घरी सांगितले आहे. वडील अजून गप्प आहेत. हा अंक हाती पडेल तेव्हा त्या चौघा मित्रांनी पुन्हा एकदा मिसळ खायला यावे. या खेपेला मी मोरीवर नसेन. पाण्याचे ग्लास घेऊन दारातच उभा असेन.

— द्वितीय वर्ष, कला