पाण्यातून वर येण्याचा जिना

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतली कितीतरी कुटुंबे सुटीत मालवणला जातात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या मुक्कामात तारकर्लीच्या स्कुबा डायव्हिंगची भर पडली आहे. बहुतेक पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खाली जातात, मासे आणि प्रवाळ पाहतात आणि वर येतात. काहींना मात्र गोडी लागते. ते रीतसर प्रशिक्षण घेतात, अधिक खोल जातात आणि मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर बांधतात. वर येताना किती खोलीवर, किती मिनिटे थांबायचे हे तो सांगतो. त्यामागचे मूळ गणित शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. ते मांडणारे डॉक्टर म्हणजे जॉन स्कॉट हाल्डेन.

हाल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरा येथे झाला. परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे ते वाल्डेमार हाफकिन यांचेही जन्मवर्ष हेच. हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. हाल्डेनही त्याच जातकुळीतले. १८८४ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांनी दवाखाना थाटला नाही. माणूस श्वास घेतो ती हवा कशी असते आणि ती शरीरात काय करते, हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय झाला. कोंदट घरे, गटारे, खाणी अशा जागी जाऊन त्यांनी हवेचे नमुने गोळा केले. १८९६ च्या अहवालात त्यांनी दाखवून दिले, की कोळसा खाणीतल्या स्फोटांनंतर बरेच कामगार भाजून नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड वायूमुळे मरतात. हा वायू त्यांनी स्वतः हुंगला आणि आपलेच रक्त तपासत राहिले. खाणीत धोक्याची सूचना मिळावी म्हणून उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत नेण्याची पद्धत त्यांच्याच सल्ल्याने रुळली.

पाणबुड्यांचा प्रश्न त्यांच्याकडे १९०५ मध्ये आला. ब्रिटिश नौदलाला खोल पाण्यात माणसे उतरवायची होती; पण वर आल्यावर काही वेळाने त्यांचे सांधे भयंकर दुखत, कुणाचे पाय लुळे पडत, कुणी दगावत. नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेत पुलांचे पाये खोदणाऱ्या मजुरांनाही हाच आजार होई. कारण फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्ये सांगितले होते. पाण्यात दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. वाढलेल्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये अधिक विरघळतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली, की दाब एकदम कमी होतो आणि बाटली फसफसते. पाणबुड्या झटकन वर आला, तर त्याच्या शरीरातही तसेच बुडबुडे होतात. हाच डीकॉम्प्रेशन सिकनेस, म्हणजे ‘बेंड्स’.

त्या काळी यावर उपाय एकच सांगितला जाई : तळापासून पृष्ठभागापर्यंत एकसारख्या, संथ गतीने वर या. हाल्डेन यांना हे पटले नाही. खोलवर रेंगाळताना ज्या ऊतींमध्ये नायट्रोजन हळू शिरतो, त्या भरतच राहतात. आणि खरा धोका असतो तो शेवटच्या काही मीटरमध्ये, तिथे मात्र पुरेसा वेळ मिळत नाही. दुसरीकडे, सुमारे दहा मीटरवर काम करणारे पाणबुडे कितीही वेळ खाली राहून सरळ वर आले तरी त्यांना त्रास होत नाही, असा अनुभव होता. तिथे दाब दोन वातावरणांवरून एकावर येतो, म्हणजे निम्मा होतो. मग सहावरून तीनवर आणणेही तितकेच सुरक्षित असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला.

तो तपासण्यासाठी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पोलादी दाबकक्ष उभारला गेला. प्रयोगाला शेळ्या निवडल्या, कारण उंदीर-सशांपेक्षा मोठ्या प्राण्याचे रक्ताभिसरण माणसाला अधिक जवळचे. बेंड्स झालेली शेळी दुखरा पाय उचलून धरी, त्यामुळे निदानही सोपे होई. या शेळ्यांनी हाल्डेन यांचा तर्क खरा ठरवला. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : अगदी सारख्या वागणुकीतही एका शेळीला काहीच होत नसे आणि दुसरी लंगडे.

१९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर नौदलाचे डॅमंट आणि कॅटो हे दोघे २१० फूट, म्हणजे ६४ मीटर खोल जाऊन थांबेथांबे घेत सुखरूप वर आले. त्याच मोहिमेत हाल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगा जॅक मोठ्या माणसाचा ढगळ पोशाख घालून पाण्यात उतरला. मनगटातून पाणी आत शिरले, तरी तो सुरक्षित परतला. बॉयकॉट, डॅमंट आणि हाल्डेन यांचा शोधनिबंध १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातली कोष्टके नौदलाने स्वीकारली. त्यांची कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. १९१७ मध्ये आयर्लंडजवळ बुडालेल्या ‘लॉरेंटिक’ जहाजावर सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. डॅमंट यांच्या पाणबुड्यांनी १९२४ पर्यंत त्यांतल्या ३,१८६ विटा बाहेर काढल्या आणि त्यात एकही माणूस गमावला नाही.

हाल्डेन यांनी युद्धात विषारी वायूंपासून बचावाची साधने शोधली. इराण-इराकच्या तेलक्षेत्रांतील उष्माघाताचा अभ्यास करून परतल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ते वारले. ढगळ पोशाखातला तो जॅक म्हणजेच जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. दुसऱ्या महायुद्धात त्यांनीही दाबकक्षात स्वतःवर प्रयोग केले. ते १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले.

हाल्डेन यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले होते. सर्वांत जलद कप्पा पाच मिनिटांत अर्धा भरतो, सर्वांत संथ ७५ मिनिटांत. त्यांचे दुपटीचे प्रमाण लांब आणि खोल बुडींसाठी अपुरे ठरले, म्हणून पुढे त्यात सुधारणा झाल्या. आजच्या अनेक डाइव्ह कॉम्प्युटरांत झुरिकच्या ब्यूलमन यांचे सोळा कप्प्यांचे गणित असते. पण चौकट हाल्डेन यांचीच. कॉम्प्युटर फक्त खोली आणि वेळ मोजतो. रक्तातला नायट्रोजन किंवा बुडबुडे तो पाहत नाही. तुम्ही थकलेले आहात, पाणी कमी प्यायला आहात, हे त्याला ठाऊक नसते. कोणती शेळी लंगडेल, हे तो आजही सांगू शकत नाही.

काही कॉम्प्युटरांत तळ आणि शेवटचा थांबा यांच्यामध्ये आणखी एक-दोन मिनिटांचा थांबा सुचवण्याची सोय असते. या कल्पनेला चालना दिली हवाईच्या रिचर्ड पाइल या मत्स्यशास्त्रज्ञांनी. खोलवरून आणलेल्या माशांचे फुगलेले वाताशय टोचण्यासाठी ते मध्येच थांबत आणि त्या दिवशी त्यांना थकवा कमी वाटे. अनेकांनी तो मंत्र उचलला. मात्र अमेरिकी नौदलाने सुमारे ५२ मीटरच्या जवळपास चारशे प्रायोगिक बुडींत दोन पद्धतींची तुलना केली. वर येण्याचा एकूण वेळ सारखाच होता. खोल थांब्यांवर अधिक वेळ घालवणाऱ्या गटात बेंड्सचे प्रमाण जास्त निघाले. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संथ ऊतींविषयी हाल्डेन यांनी घेतलेली शंका पुन्हा समोर आली.

म्हणून हौशी पाणबुड्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कॉम्प्युटरमधली ही सोय चालू आहे की बंद, हे पाण्यात उतरण्यापूर्वी पाहावे. मधला थांबा घेतला म्हणून उथळ पाण्यातला थांबा कमी करू नये. साध्या बुडीनंतरही पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. वर येताना श्वास कधीही रोखू नये. त्याने उथळ पाण्यातही फुप्फुसाला इजा होते. एका साध्या बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुडींनंतर किमान अठरा तास विमानप्रवास टाळावा. आंबोलीसारखा उंच घाट चढण्याआधीही पुरेसा वेळ जाऊ द्यावा.

पाण्यातून आल्यावर सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, पायांत अशक्तपणा किंवा लघवीला अडथळा जाणवला, तर वाट पाहू नये. रुग्णाला आडवे झोपवून शुद्ध ऑक्सिजन द्यावा आणि दाबकक्षाची सोय असलेल्या केंद्राशी संपर्क साधावा. मुंबईत कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, ‘आयएनएचएस अश्विनी’मध्ये, या शाखेचे तज्ज्ञ आहेत. बरे वाटेल म्हणून पुन्हा पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते. कॉम्प्युटरने सर्व काही ठीक दाखवले होते, हे डॉक्टरांकडे न जाण्याचे कारण होऊ शकत नाही.