लुडविग गुटमान

सर लुडविग गुटमान (३ जुलै, इ.स. १८९९:टोस्ट, सिलेशिया, जर्मनी - १८ मार्च, इ.स. १९८०:एल्सबरी, इंग्लंड) हे जर्मनीत जन्मलेले ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ होते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा होऊन शरीराचा खालचा भाग लुळा पडलेल्या रुग्णांच्या आधुनिक उपचारांचा आणि पुनर्वसनाचा पाया त्यांनी घातला. दिव्यांग खेळाडूंच्या पॅरालिम्पिक स्पर्धांचे जनक म्हणून ते जगभर ओळखले जातात. या स्पर्धांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले खरे, परंतु स्पर्धांच्या आधीचे त्यांचे रुग्णालयातील काम अधिक मूलगामी होते. ज्या रुग्णांना मरणाच्या वाटेवरचे समजून सोडून दिले जाई, ते रुग्ण दुखापतीने नव्हे तर टाळता येण्याजोग्या कारणांनी दगावतात, हे त्यांनी प्रत्यक्ष सिद्ध करून दाखवले.

बालपण आणि शिक्षण

गुटमान यांचा जन्म एका ज्यू कुटुंबात झाला. टोस्ट हे त्यांचे जन्मगाव आज पोलंडमध्ये असून तोशेक या नावाने ओळखले जाते. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब क्योनिग्सह्युटे या कोळसा खाणींच्या शहरात राहावयास गेले. त्यांचे शालेय शिक्षण तेथेच झाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, इ.स. १९१७ मध्ये, ते तेथील अपघात रुग्णालयात सेवक म्हणून काम करीत होते. एके दिवशी खाणीत पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा तरुण कामगार तेथे दाखल झाला. त्याची नोंद लिहू लागलेल्या गुटमान यांना, या रुग्णासाठी फार श्रम घेऊ नयेत, तो काही आठवड्यांचाच सोबती आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. तसेच घडले. पाठीवरच्या जखमा चिघळल्या, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला आणि सुमारे पाच आठवड्यांत तो तरुण दगावला. ही घटना ते आयुष्यभर विसरले नाहीत. मात्र या घटनेमुळे ते लगेच या विषयाकडे वळले, असे समजणे चुकीचे होईल. त्या रुग्णाचा विषय पुन्हा त्यांच्यापुढे येण्यास पंचवीसहून अधिक वर्षे जावी लागली.

इ.स. १९१८ मध्ये त्यांनी ब्रेस्लाउ (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे वैद्यकीय शिक्षणास आरंभ केला आणि इ.स. १९२४ मध्ये फ्रायबुर्ग येथून वैद्यकातील डॉक्टरेट मिळवली. त्यांना बालरोगतज्ज्ञ व्हावयाचे होते, पण त्या विभागात जागा नव्हती. म्हणून ब्रेस्लाउ येथील विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ ओटफ्रीड फ्योर्स्टर यांच्या हाताखाली ते रुजू झाले. मध्यंतरी हँबुर्ग येथे केलेल्या कामाचा अपवाद वगळता इ.स. १९३३ पर्यंत ते फ्योर्स्टर यांच्याकडेच होते. फ्योर्स्टर सकाळपासून रात्रीपर्यंत राबवून घेत. पुढे गुटमान यांनीही आपल्या सहकाऱ्यांना तसेच राबवले.

नाझी राजवटीतील वर्षे

इ.स. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमान ब्रेस्लाउच्या ज्यू रुग्णालयात गेले व इ.स. १९३७ मध्ये तेथील वैद्यकीय संचालक झाले.

९ नोव्हेंबर, इ.स. १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरे, दुकाने व प्रार्थनास्थळे यांवर हल्ले झाले. त्या रात्री दारात येणाऱ्या प्रत्येकाला काहीही न विचारता दाखल करून घ्यावे, असा आदेश गुटमान यांनी दिला. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलीस रुग्णालयात येऊन थडकले. एका रात्रीत ६४ जण दाखल कसे झाले, याचा जाब त्यांनी मागितला. गुटमान त्यांना घेऊन खाटेखाटेपाशी गेले आणि प्रत्येकाच्या आजाराचे कारण सांगत गेले. त्यांतील बहुतेक आजार त्याच क्षणी रचलेले होते. ६४ पैकी ६० जण छळछावणीत जाण्यापासून वाचले.

त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या एका स्नेह्यावर उपचार करण्यासाठी जर्मन परराष्ट्र मंत्रालयाने त्यांना लिस्बनला पाठवले. ज्या राजवटीने त्यांचा पारपत्राचा हक्क काढून घेतला होता, तिलाच त्यांच्या कौशल्याची गरज भासली! परतताना ते लंडनमध्ये थांबले. निर्वासित विद्वानांना साहाय्य करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने त्यांच्या इंग्लंडमधील वास्तव्याची व्यवस्था केली. मार्च, इ.स. १९३९ मध्ये ते पत्नी एल्से, मुलगा डेनिस व मुलगी एव्हा यांच्यासह इंग्लंडला पोहोचले. महायुद्ध सुरू होण्यास तेव्हा सहा महिनेही उरले नव्हते.

ऑक्सफर्डमध्ये त्यांना संशोधनाचे काम मिळाले. मज्जातंतूंच्या इजांवर ते प्रयोग करीत, परंतु स्वतंत्रपणे रुग्ण तपासण्याची मुभा त्यांना फारशी नव्हती. रुग्णांत रमणाऱ्या या माणसाला प्रयोगशाळेतील ती चार वर्षे जड गेली.

स्टोक मँडेव्हिल

फ्रान्सच्या किनाऱ्यावरील नियोजित चढाईत मोठ्या प्रमाणावर सैनिक जखमी होतील, हे ब्रिटिश सरकार ओळखून होते. मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी स्वतंत्र केंद्र काढण्याचे ठरले आणि इ.स. १९४३ मध्ये ते चालवण्याविषयी गुटमान यांना विचारणा झाली. कोणाच्याही हस्तक्षेपाविना आपल्या पद्धतीने काम करू दिले जावे, एवढी एकच अट त्यांनी घातली. १ फेब्रुवारी, इ.स. १९४४ रोजी बकिंगहॅमशायर परगण्यातील एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात हे केंद्र सुरू झाले. आरंभी खाटा पंचवीसच्या आसपास होत्या आणि रुग्ण एकच होता.

त्या काळी अशा रुग्णांची स्थिती काय होती, हे समजून घेतल्याशिवाय गुटमान यांच्या कामाचे मोल कळत नाही. मज्जारज्जू तुटला की त्याखालच्या भागाची संवेदना जाते. एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिले तरी रुग्णाला दुखत नाही. त्यामुळे हाडांवरची त्वचा दबून मरते व खोल जखमा पडतात. यांना शय्याव्रण म्हणतात. मूत्राशयावरचा ताबाही जातो. लघवी साठून राहते व जंतुसंसर्ग मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. बहुतेक रुग्ण या दोन कारणांनी मरत. कणा स्थिर राहावा म्हणून त्यांना प्लास्टरच्या साच्यात जखडून ठेवण्याची रीत होती. त्या साच्याखाली जखमा आणखी चिघळत.

गुटमान यांनी प्लास्टरचे साचे फोडून काढले. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे, असा नियम घातला. हा नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी ते अपरात्री स्वतः वॉर्डात येत. लघवी काढण्यासाठी नळी कायमची बसवून न ठेवता ती निर्जंतुक पद्धतीने ठराविक वेळाने घालून काढून घेण्याचा आग्रह त्यांनी धरला. हे काम त्यांनी डॉक्टरांकडेच सोपवले. यांतील एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नव्हते. लागत होती ती माणसे व शिस्त. काही कर्मचाऱ्यांना हा जाच वाटे. मरणाऱ्या माणसांसाठी एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणारे डॉक्टरही होते.

रुग्ण जगू लागले, तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला. जगून करावयाचे काय? रुग्णाला सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन असे काहीतरी शिकवल्याखेरीज घरी पाठवावयाचे नाही, असे गुटमान यांचे धोरण होते. रुग्णालयात चाकांच्या खुर्चीतून सहज वावरणारा माणूस घरच्या उंबरठ्यापाशी अडतो, हेही त्यांच्या लक्षात आले. अरुंद दार, दोन पायऱ्या, उंच बैठकीचे शौचकूप यांपुढे सारे उपचार व्यर्थ ठरतात. म्हणून घराची रचना, राहण्याची सोय आणि नोकरीची जागा या गोष्टी त्यांनी उपचारांचाच भाग मानल्या. दिव्यांगांच्या हालचालीचा प्रश्न केवळ शरीराचा नसून बांधकामाचाही आहे, हा आज सर्वमान्य झालेला विचार त्यांच्या कामात पुष्कळ आधी आढळतो.

संशोधन

स्टोक मँडेव्हिलमधील प्रत्येक रुग्णाची तपशीलवार नोंद ठेवली जाई. पुढील संशोधन याच नोंदींवर उभे राहिले. इ.स. १९४७ मध्ये गुटमान व डेव्हिड व्हिटरिज यांनी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जू तुटलेल्या रुग्णांचे मूत्राशय तुडुंब भरले तर रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत चढतो, असे त्यांनी त्यात दाखवले. आजही अशा रुग्णाचे डोके दुखू लागले व घाम सुटला की डॉक्टर व परिचारिका प्रथम लघवीची नळी तुंबली आहे का, हे पाहतात.

इ.स. १९६६ मध्ये हान्स फ्रँकेल यांच्यासह त्यांनी ४७६ रुग्णांच्या नोंदींच्या आधारे ठराविक वेळाने नळी वापरण्याच्या पद्धतीचे फायदे मांडले. इ.स. १९६९ मध्ये फ्रँकेल यांनी इतर सहकाऱ्यांसह मज्जारज्जूच्या इजेची तीव्रता मोजण्याची पाच पायऱ्यांची श्रेणी सुचवली. फ्रँकेल श्रेणी या नावाने ती प्रसिद्ध झाली व आजच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीचा ती आधार ठरली. इ.स. १९७३ मध्ये त्यांचा मज्जारज्जूच्या इजांवरील बृहद्ग्रंथ प्रकाशित झाला.

क्रीडास्पर्धा

खेळाची सुरुवात कोणत्याही योजनेशिवाय झाली. चाकांच्या खुर्चीत बसलेले काही रुग्ण अंगणात काठ्यांनी चकती फटकावत खेळत होते. गुटमान यांनी ते पाहिले आणि प्रशिक्षकासह स्वतः खुर्चीत बसून खेळून पाहिले. हा खेळ फार धसमुसळा ठरल्याने पुढे नेटबॉल आणला गेला. धनुर्विद्येवर त्यांचा विशेष भर होता, कारण तिने खांदे व पाठ यांचे स्नायू बळकट होतात आणि बसल्या जागी तोल सावरण्याची सवय लागते.

२९ जुलै, इ.स. १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक स्पर्धांचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर धनुर्विद्येचा सामना भरला. त्यात १४ पुरुष व २ स्त्रिया असे एकूण १६ स्पर्धक होते. हे सारे युद्धात जायबंदी झालेले होते. पुढच्याच वर्षी, या स्पर्धांना एक दिवस ऑलिंपिकच्या तोडीचे स्थान मिळेल, अशी आशा गुटमान यांनी जाहीरपणे व्यक्त केली. तेव्हा ती अनेकांना स्वप्नरंजन वाटली. इ.स. १९५२ मध्ये नेदरलँड्सचा संघ आला व स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. इ.स. १९६० मध्ये रोम येथे ऑलिंपिकनंतर भरलेल्या स्पर्धेत २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू उतरले. हीच आता पहिली पॅरालिम्पिक स्पर्धा मानली जाते.

रोममध्ये खेळाडूंना मिळालेल्या निवासाच्या इमारती खांबांवर उभारलेल्या होत्या. चाकांच्या खुर्चीतील खेळाडूंना इटालियन सैनिकांनी जिन्यांवरून उचलून वर-खाली नेले. इ.स. १९६८ मध्ये मेक्सिकोने यजमानपद नाकारले, म्हणून स्पर्धा तेल अवीव येथे झाली. इ.स. १९७२ मध्ये म्युनिकचे क्रीडाग्राम उपलब्ध न झाल्याने ती हायडेलबर्गला न्यावी लागली. ऑलिंपिकच्याच शहरात, त्याच मैदानांवर या स्पर्धा भरण्यास इ.स. १९८८ चे सोल उजाडले. ते पाहण्यास गुटमान हयात नव्हते.

भारत आणि महाराष्ट्र

भारताने या स्पर्धांत प्रथम इ.स. १९६८ मध्ये, तेल अवीव येथे भाग घेतला. त्या संघात सांगली जिल्ह्यातील पेठ (इस्लामपूर) येथील मुरलीकांत पेटकर हे सैनिक होते. इ.स. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले होते. इ.स. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक पटकावले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. पेटकर यांना पद्मश्री मिळाली ती इ.स. २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी.

योगायोग असा की, ज्या वर्षी स्टोक मँडेव्हिलचे केंद्र सुरू झाले, त्याच वर्षी, इ.स. १९४४ मध्ये, पुण्यात सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. पुढे खडकी येथे मज्जारज्जूची इजा झालेल्या सैनिकांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्रही निघाले. ग्रामीण भागात या इजेचे स्वरूप वेगळे आहे. झाडावरून, विहिरीत किंवा माळवदावरून पडणे ही तेथील नेहमीची कारणे. जळकोटसारख्या बालाघाटच्या डोंगराळ तालुक्यात अशा माणसाला विशेष उपचारांसाठी मोठे शहर गाठावे लागते, आणि पहिल्या काही तासांत त्याला कसे उचलले यावरही पुढचे बरेच अवलंबून असते. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा गुटमान यांचा नियम मात्र घरच्या माणसांनाही पाळता येण्याजोगा आहे.

स्वभाव आणि टीका

रुग्ण त्यांना प्रेमाने पॉपा, म्हणजे बाबा, म्हणत. तथापि त्यांचा कारभार एकतंत्री होता. त्यांना विरोध खपत नसे आणि राग चटकन येई. स्पर्धा दीर्घकाळ मज्जारज्जूच्या रुग्णांपुरत्याच मर्यादित राहिल्या. अवयव गमावलेले व दृष्टिहीन खेळाडू पॅरालिम्पिकमध्ये आले ते इ.स. १९७६ च्या टोरांटो स्पर्धेत. खेळाडूंकडे रुग्ण म्हणून पाहण्याची डॉक्टरांची दृष्टी या चळवळीत फार काळ टिकून राहिली, असाही आक्षेप दिव्यांगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांनी घेतला आहे. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. सुरुवातीला या खेळांकडे उपचार म्हणूनच पाहिले गेले. त्यांना निखळ क्रीडेचे रूप पुढे खेळाडूंनी दिले.

सन्मान आणि मृत्यू

इ.स. १९४५ मध्ये गुटमान ब्रिटिश नागरिक झाले. इ.स. १९६६ मध्ये त्यांना सर हा किताब व इ.स. १९७६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. मज्जारज्जूच्या इजांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. इ.स. १९६९ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे दिव्यांगांसाठी बांधलेल्या क्रीडासंकुलाचे उद्घाटन राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या हस्ते झाले. त्या संकुलाला पुढे गुटमान यांचे नाव देण्यात आले. स्पेनमधील बार्सिलोना येथील मज्जाविकार पुनर्वसन संस्थाही त्यांच्याच नावाने चालते.

निवृत्तीनंतरही ते लेखन व स्पर्धांच्या संयोजनात गुंतलेले असत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही महिन्यांनी, १८ मार्च, इ.स. १९८० रोजी, एल्सबरी येथे वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इ.स. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या शुभचिन्हाला मँडेव्हिल असे नाव देण्यात आले होते.