बोटांनी ठोके ओळखणाऱ्या डॉ. हेलन टॉसिग

या अंकात आम्ही डॉ. हेलन टॉसिग यांचा परिचय करून देत आहोत. जन्मतःच हृदयात दोष असलेल्या मुलांना वाचवण्याची वाट ज्यांनी शोधली, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

हेलन यांचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेतील केंब्रिज या गावी झाला. वडील हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. हेलन अकरा वर्षांच्या असताना आई क्षयरोगाने गेली. शिवाय वाचताना त्या फार अडखळत. या अडचणीला आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो. त्या काळी अशा मुलांना मंदबुद्धी समजत. वडिलांनी मात्र धीर न सोडता त्यांना स्वतः शिकवले.

हार्वर्डमध्ये तेव्हा स्त्रियांना वैद्यकीय पदवी मिळत नसे. म्हणून काही काळ बोस्टन विद्यापीठात शिकून त्यांनी १९२७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथून पदवी घेतली. १९३० मध्ये तेथील मुलांच्या हृदयरोग विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे त्यांना ऐकू येणे फार कमी झाले. तेव्हा त्या बाळाच्या छातीवर हात ठेवून बोटांनी ठोके ओळखू लागल्या.

त्यांच्याकडे ओठ आणि नखे निळी पडलेली बाळे येत. याचे कारण जन्माआधीच घडलेले असते. आईच्या पोटात तिसऱ्या आठवड्यात हृदय ही एक साधी नळी असते. साधारण बाविसाव्या दिवशी ती धडधडू लागते. मग ती वळते, तिच्यात पडदे तयार होतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत चार कप्पे होतात. एखादा पडदा जागेवरून सरकला तर फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद राहते, मधल्या पडद्याला छिद्र राहते आणि शरीराला प्राणवायू कमी मिळतो.

गर्भात फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नलिका असते. जन्मानंतर ती लवकरच बंद होते. टॉसिग यांच्या लक्षात आले की ही नलिका बंद झाली की निळी बाळे अधिक खालावतात. मग अशीच नलिका शस्त्रक्रियेने तयार केली तर? बोस्टनच्या एका नामवंत शल्यविशारदाने हे काम स्वीकारले नाही. अखेर हॉपकिन्सचे डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक तयार झाले. त्यांचे कृष्णवर्णीय सहायक विवियन थॉमस यांच्याकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. पण प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया त्यांनीच पक्की बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर ती झाली. ती मुलगी काही महिन्यांनी वारली, पण वाट सापडली होती. पुढे हजारो मुले वाचली.

१९४५ च्या शोधनिबंधावर थॉमस यांचे नाव नव्हते. १९७६ साली हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. टॉसिग १९६५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. उतारवयातही पक्ष्यांच्या हृदयातील जन्मजात दोषांचा त्यांचा अभ्यास चालूच होता. २० मे १९८६ रोजी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. म्हणून शिक्षक आणि पालक दोघांनाही आमची विनंती आहे की, मूल वाचताना अडखळले तर त्याला आळशी ठरवण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी. घरी रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे. हेलनच्या वडिलांनी हेच केले होते.