विश्लेषण : लाकडी ठोकळ्यांच्या शाळेवर सरकारने बंदी का घातली? ‘किंडरगार्टन’चे जनक फ्रोबेल कोण होते?

सहावी ते बारावीच्या मुलांनी सेन्सर, मोटारी, अवजारे हाताळून स्वतः काहीतरी बनवावे, यासाठी २०१६ पासून देशातील शाळांमध्ये ‘अटल टिंकरिंग लॅब’ सुरू झाल्या. हाताने घडवत शिकण्याची ही कल्पना मात्र बरीच जुनी आहे. तिला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाचे नाव आधी घ्यावे लागते. ‘किंडरगार्टन’ हा शब्द त्यांचाच. आयुष्याच्या अखेरीस त्यांना पाहावी लागली ती मात्र त्याच शाळांवरची सरकारी बंदी.

शिक्षक होण्याआधी...

फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी थुरिंगिया प्रांतातील ओबरवाइसबाख या गावचा. वडील पाद्री. फ्रेडरिक वर्षाचाही नव्हता तेव्हा आई गेली. पंधराव्या वर्षी तो वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि जमीन मोजायला, झाडे ओळखायला शिकला. पुढे येना विद्यापीठात गेला, तिथे कर्ज फिटले नाही म्हणून नऊ आठवडे कोठडीही भोगली. १८०५ मध्ये फ्रोबेल फ्रँकफर्टला गेले ते वास्तुविशारद होण्यासाठी. तिथल्या एका शाळेत शिकवण्याची संधी मिळाली आणि वास्तुकला मागे पडली. त्या काळचे नामवंत शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांच्याकडे, स्वित्झर्लंडमधील इव्हेरदाँ येथे, त्यांनी दोन वर्षे काढली.

स्फटिकांचा काय संबंध?

खरे वळण बर्लिनमध्ये आले. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वयंसेवक म्हणून लढून आल्यावर फ्रोबेल तिथल्या खनिज संग्रहालयात सहायक झाले. दिवसभर समोर स्फटिक! साध्या आकारांतून गुंतागुंतीची रचना नियमाने कशी वाढते, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले. संग्रहालयातली ही नोकरी सोडून १८१६ मध्ये त्यांनी शाळा काढली. पहिले विद्यार्थी म्हणजे त्यांचे पुतणे. वर्षभरात शाळा काइलहाऊ या खेड्यात गेली. तिथे पुस्तकांइतकाच वेळ बागकाम, बांधकाम आणि भटकंतीला होता.

‘भेटवस्तू’ म्हणजे काय?

शिक्षण त्याहूनही आधी सुरू व्हायला हवे, असे त्यांचे मत बनत गेले. १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली. तिलाच १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘मुलांची बाग’ हे नाव मिळाले. तिथल्या साहित्याला ते ‘भेटवस्तू’ म्हणत. पहिली भेट लोकरीच्या रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोलाची. तिसऱ्या भेटीत आठ छोट्या घनांचा मिळून एक मोठा घन.

या आठ ठोकळ्यांचा नियम मजेशीर आहे. रचनेत आठही वापरायचे, एकही बाजूला ठेवायचा नाही. नवे काही हवे असेल तर आधीचे पाडायचे नाही. ठोकळे सरकवत खुर्चीचा पूल, पुलाची नक्षी करायची. शेवटी पुन्हा घन करून पेटीत ठेवायचे. आज ज्याला डिझाइन म्हणतात, त्याचा हा सरावच. साहित्य मोजके, अट पक्की, उत्तरे कितीतरी. जोडीला कागदाच्या घड्या, विणकाम आणि भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून सांगाडे उभे करण्याचा उद्योग असे.

बंदी का आली?

१८४८ च्या क्रांतीनंतर जर्मन सरकारे धास्तावलेली होती. ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाने किंडरगार्टनवर बंदी घातली. ठपका होता नास्तिकता आणि समाजवादाचा. गंमत, म्हटले तर शोकांतिका, अशी की फ्रोबेल स्वतः कमालीचे श्रद्धाळू होते. बालशाळांविषयी वादग्रस्त पुस्तिका लिहिली होती ती कार्ल फ्रोबेल या त्यांच्या पुतण्याने. आडनावाचा घोळ दाखवून दिल्यावरही आदेश मागे घेतला गेला नाही. २१ जून १८५२ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी फ्रोबेल गेले. बंदी उठली १८६० मध्ये.

मग पद्धत टिकली कशी?

त्यांनी शिकवण्यासाठी महिलांना तयार केले होते, हे इथे कामी आले. जर्मनी सोडून गेलेल्या महिलांनी ही पद्धत इंग्लंड-अमेरिकेत नेली. अमेरिकेतील पहिले किंडरगार्टन १८५६ मध्ये विस्कॉन्सिनच्या वॉटरटाउनमध्ये एका जर्मन स्थलांतरित महिलेने घरातच सुरू केले. फिनलंडच्या उनो सिग्नेयस यांनी फ्रोबेल यांच्या विचारातून प्रेरणा घेत मोठ्या मुलांच्या शाळेत हस्तकला आणली. १८६६ मध्ये ती तिथे सक्तीचा विषय झाली. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या आईने हे ठोकळे १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात पाहिले आणि मुलासाठी आणले.

दुसरा विद्यार्थी बकमिन्स्टर फुलर. नजर इतकी अधू की, किंडरगार्टनमध्ये वाटाणे-काड्यांचे सांगाडे तो हाताने चाचपून करी. चौकोन डगमगतो, त्रिकोण डगमगत नाही, हे त्याच्या बोटांना कळले. फुलर स्वतः हा किस्सा सांगत. पुढे त्यांनीच त्रिकोणांच्या जाळीचा घुमट, ‘जिओडेसिक डोम’, जगभर पोहोचवला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमातही असे घुमट आहेत आणि ते कसे उभारायचे हे तिथली मुले शिकतात. काड्यांच्या जागी लोखंड आले, त्रिकोण मात्र तोच आहे.