कुवेतच्या पहिल्या लेडी डॉक्टर : एलिनोर कॅल्व्हर्ली

कुवेतचे नाव आपल्या वडीलधाऱ्यांना नवे नाही. खजुराची गलबते तेथून मुंबईस येत आणि १९६१ पर्यंत तेथे आपलाच रुपया चाले. त्या गावी स्त्रियांसाठी झटलेल्या डॉ. एलिनोर कॅल्व्हर्ली यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे झाला. १९०८ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. पती एडविन यांच्यासह त्या अरेबियात आल्या, अरबी शिकल्या आणि १९१२ साली कुवेतला स्थायिक झाल्या. तेथील बायका त्यांना खातून हलिमा म्हणत.

त्या काळी बाळंतपण घरातच, सुईणीच्या हातून होई. परक्या पुरुषाने बाईस तपासणे शक्यच नव्हते. बाई अडली, दोन दिवस उलटले, सर्व उपाय थकले की मग खातूनला बोलावणे जाई. बाळंतिणीच्या अंगात मीठ भरण्याची चाल अरेबियात होती. त्याने आतला मार्ग आकसे व पुढच्या खेपेस बाई अडे. अशा घरी मध्यरात्री कंदिलाच्या उजेडात त्यांनी काम केले. त्या वेळी पेनिसिलीनही नव्हते. हळूहळू विश्वास बसला आणि १९१९ साली स्त्रियांचे वेगळे हॉस्पिटल उभे राहिले. १९२९ साली त्यांनी कुवेत सोडले. १९५८ साली त्यांचे आठवणींचे पुस्तक निघाले आणि १९६८ साली त्या निवर्तल्या. त्या मिशनच्या हॉस्पिटलची इमारत आज सांस्कृतिक केंद्र म्हणून जतन केली आहे.

आपल्या समाजाच्या डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत हेच दुखणे ओळखले. १९२८ ते १९४७ त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. बाळंतपणात बायका का दगावतात, याची शहरभर पाहणी करून त्यांनी १९४१ साली अहवाल दिला.

आम्हा नर्सेसना या दोघींच्या कामातून एकच गोष्ट दिसते. हात कितीही कुशल असले तरी बोलावणे वेळेवर यावे लागते. घरात सून किंवा नात गरोदर असेल तर ही लक्षणे ध्यानात ठेवावीत : अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर एकाएकी सूज, झटके, ताप, पोटात सतत कळ, दम लागणे, दिवस भरण्याआधी पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे. बाळंतपणानंतरही फार रक्त जाणे, ताप, डोकेदुखी, झटके किंवा दम लागणे ही धोक्याचीच खूण होय. यातील एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये, काढे देत बसू नये, त्याच घटकेला डॉक्टरांना कळवावे. झटके आले, दम लागला किंवा रक्त फार जात असेल तर थेट हॉस्पिटल गाठावे. शंका खोटी ठरली तर नुकसान एका फेरीचेच.

अशा वेळी घरात थोरांचा शब्द चालतो. तो शब्द थांबा असा नसावा, चला असा असावा, एवढीच आपणांस नम्र विनंती.